दोनशे आठ खिळे

मारिओ गायसेन, मेलोएन आणि बार्टेलिंग या तिघांचा १९८४ सालचा निबंध मला पहिल्यांदा मिळाला तो झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या अवस्थेत. पाच पानं, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मधली. बारीक मजकूर कुठे कुठे शाईत बुडाला होता, पण आलेखातल्या दोन रेघा काही बुडाल्या नव्हत्या. खाली आडवे आकडे, प्रत्येक आकड्यावर उभी एकेक रेघ. बहुतेक सगळ्या गवतासारख्या आखूड आणि १४६ व १४७ या आकड्यांवरच्या दोन मात्र कुरणात बुजगावणी रोवावीत तशा उंच.

आमच्या क्षेत्रात निबंध ‘वापरतात’. त्यातली पद्धत उचलायची, खाली नाव टाकायचं, पुढे जायचं. हा निबंध मी वापरला कमी आणि वाचला जास्त. अजून वाचते. त्यातली पद्धत आज जुनी झाली आहे, प्रश्न जुना झालेला नाही.

विषय तर आपल्या गोठ्यातला. लाळ्या-खुरकूत. प्राण्यांचा रोग जिवाणूहून बारीक, गाळणीतूनही निसटणाऱ्या कशाने तरी होतो हे जगात सर्वांत आधी ज्या रोगावर दिसलं तो हाच. लोफलर आणि फ्रॉश यांनी ते १८९८ मध्ये दाखवलं. आमच्या घरी हा रोग आलेला मला आठवतो. बैलाच्या तोंडातून तारेसारखी लोंबणारी लाळ, जिभेची सोललेली साल, खुरांच्या बेचक्यात फोड. आजी तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायची, मोरचुदाच्या पाण्यानं खुरं. कंदील धरायचं काम माझ्याकडे.

या विषाणूच्या कवचात चार प्रथिनं असतात. त्यातलं व्हीपी-१ नावाचं प्रथिन महत्त्वाचं, कारण शरीराची प्रतिकारशक्ती मुख्यतः त्याच्यावर तुटून पडते. ते २१३ अमिनो आम्लांचं आहे. आम्ही लोक अमिनो आम्लांना अक्षरं म्हणतो, म्हणजे २१३ अक्षरांचं एक सलग वाक्य. १९८२ मध्ये दुसऱ्या एका गटानं या वाक्यातला १४१ ते १६० हा तुकडा प्रयोगशाळेत बनवून गिनीपिगना टोचला आणि ते रोगापासून वाचले. म्हणजे गल्ली कळली होती. घर नंबर कळायचा होता.

अँटिबॉडी, आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड, अख्खं प्रथिन ओळखत नाही. तिला बसायला जागा लागते ती अगदी लहान. त्या जागेला नील्स येर्ने यांनी १९६० मध्ये ‘एपिटोप’ हे नाव दिलं. आपण ओळखीचा माणूस पाठमोरा, नुसत्या चालीवरून ओळखतो ना, तसं. चालीवरून ओळखण्यात सोय आहे आणि धोकाही. तशीच चाल दुसऱ्या कोणाची असली तर भर रस्त्यात भलत्याच माणसाच्या पाठीवर थाप पडते. जगभरच्या प्रयोगशाळांत अँटिबॉडीकडून रोज हेच काम करून घेतात. पेशीत हजारो प्रथिनं, त्यातलं एक हवं आहे. अँटिबॉडी ओतायची आणि ती कुठे चिकटते ते बघायचं. ती ‘ओळखते का’ हे सगळे विचारतात. गायसेन आणि मंडळींनी विचारलं, कशावरून ओळखतेस?

या प्रश्नाचं उत्तर काढायची त्यांची रीत इतकी साधी आहे की आधी हसू येतं. एका पुठ्ठ्याला सहा अक्षरं दिसतील एवढी खिडकी पाडा. ती वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, १ ते ६ वाचा. एक अक्षर सरकवा, २ ते ७. पुन्हा एक, ३ ते ८. शेवटची खिडकी २०८ ते २१३. असे २०८ तुकडे होतात. हे सगळेच्या सगळे बनवा आणि प्रत्येकाला विचारा. कुठे असेल याचा तर्क नाही, गणित नाही, ‘इथे बहुधा असावा’ हे नाही. त्या काळी एपिटोपच्या जागेचे अंदाज बांधायची सूत्रं निघाली होती. या निबंधात अंदाजाला जागाच ठेवलेली नाही, सरळ घरटी शिरगणती आहे.

अडचण एवढीच की तेव्हा एक पेप्टाइड, म्हणजे असा एक छोटा तुकडा, बनवणं कित्येक दिवसांचं काम होतं. दोनशे आठ म्हणजे एखाद्याची पीएचडी, कदाचित दोघांची. पेप्टाइड घन पदार्थाला चिकटवून एकेक अक्षर जोडत नेण्याची युक्ती मेरिफिल्ड यांची, १९६३ ची. तिला नोबेल मिळालं ते योगायोगानं याच १९८४ सालात, आणि त्याच साली वैद्यकाचं नोबेल येर्ने, कोहलर आणि मिलस्टाइन या अँटिबॉडीच्या माणसांना. मेरिफिल्डांच्या रीतीत शेवटी पेप्टाइड त्या आधारावरून सोडवायचं, शुद्ध करायचं, मग वापरायचं. वेळ जातो तो तिथे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये बसून गायसेन यांनी ठरवलं की सोडवायचंच नाही. जिथे बनलं तिथेच राहू दे. अँटिबॉडीलाच तिथे आणू.

म्हणून प्लॅस्टिकचे बारीक दांडे घेतले, त्यांच्या टोकांवर रसायनाचा लेप चढवला आणि ते एका ठोकळ्यात उलटे रोवले. अंतर असं की प्रत्येक दांडा खालच्या तबकाच्या आपापल्या खळग्यात उतरावा. हे तबक लॅबमध्ये सगळ्यांच्या ओळखीचं. आठ गुणिले बारा, शहाण्णव खळग्यांचं, एलायझा चाचणीचं. इंग्रजीत या दांड्यांना पुढे ‘पिना’ म्हणू लागले. मी त्यांना मनातल्या मनात खिळे म्हणते, कारण हे सगळं छापखान्यासारखं आहे. जुन्या छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचा, तोही उलटा. इथंही शब्द उलटाच जुळतो. ही रसायनक्रिया शेवटच्या अक्षरापासून सुरू होते आणि पहिलं अक्षर सर्वांत शेवटी लागतं. फरक असा की जुळारी अक्षराकडे हात नेतो, इथे अख्खा ठोकळा अक्षरांकडे जातो. आजच्या फेरीत कुठल्या खळग्यात कोणतं अमिनो आम्ल घालायचं याची यादी तयार असते. त्याप्रमाणे भरायचं, ठोकळा बुडवायचा, धुवायचा, पुन्हा दुसऱ्या यादीप्रमाणे. धुणं सगळ्यांचं एकत्र, फक्त अक्षर ज्याचं त्याला. सहा फेऱ्या झाल्या की शेकडो शब्द तयार.

मग हा ठोकळा सीरममध्ये, म्हणजे लस टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात बुडवायचा. ज्या खिळ्यावर अँटिबॉडी बसेल त्याच्या खळग्यात पुढे रंग उमटतो. गडद रंग म्हणजे उंच रेघ. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट: बसलेली अँटिबॉडी धुऊन काढता येते. तेच खिळे पुन्हा दुसऱ्या सीरमसाठी. छापखान्यात काम झालं की जुळणी सोडून खिळे आपापल्या खणात टाकावे लागत. इथे जुळणी तशीच राहते, फक्त शाई पुसायची.

आता त्या दोन रेघा. १४६ वर सुरू होणारा शब्द: ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ल्युसीन, ग्लुटामिन, व्हॅलीन, ल्युसीन. १४७ वर सुरू होणारा: ग्लायसीन गळलं, शेवटी अ‍ॅलॅनीन आलं. दोन्ही मिळून सात अक्षरं, १४६ ते १५२. दोनशे तेरांतली सात. बरेच लेखक इथे थांबले असते आणि निबंध तरीही गाजला असता.

शाळेत मराठीच्या बाई कविता शिकवताना एक खोड काढायच्या. कवीनं ‘सांज’ लिहिलंय ना, तिथे ‘संध्याकाळ’ ठेवून बघा. काय मोडलं? काहीच नाही मोडलं तर तो शब्द तिथे उगीच आहे. त्यांचं सगळं रसग्रहण या एका खोडीवर चालायचं. गायसेन यांनी पुढे केली ती नेमकी हीच खोड. सात अक्षरांतलं एकेक अक्षर धरलं आणि त्या जागी निसर्गातली वीसच्या वीस अमिनो आम्लं आळीपाळीनं ठेवून पाहिली. सहा अक्षरांच्या एका तुकड्याला सहा जागा, प्रत्येकी वीस पर्याय, म्हणजे एकशे वीस खिळे. त्यात एक गमत दडली आहे. प्रत्येक जागेच्या विसांत एक मूळचंच अक्षर असणार, म्हणजे एकशे विसांपैकी सहा खिळ्यांवर मूळ शब्द जसाच्या तसा. ते सहाही सारखे रंगले तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. साक्षीदार वेगळा बोलवायला नको, तो मांडणीतच बसलेला आहे.

निकाल असा: १४८ आणि १५१ या जागांवर ल्युसीनच हवं. बदल चालत नाही. ल्युसीनच्याच अणूंची थोडी वेगळी ठेवण म्हणजे आयसोल्युसीन. ते सख्खं भावंडही त्या विसांत होतं. १४९ चं ग्लुटामिन आणि १५२ चं अ‍ॅलॅनीन यांचा हातभार आहे, पण कमी. दोन ल्युसीनच्या मध्ये १५० वर व्हॅलीन बसलं आहे आणि निकालात त्याचं नाव नाही. शब्द मोठ्यानं म्हणून बघितला तर कानालाही हे कळतं: ल्युसीन, दोन अक्षरं सोडून पुन्हा ल्युसीन. ओळीच्या पोटात यमक जुळावं तसं. अँटिबॉडी ते यमक ऐकते आहे, मधले शब्द कानाआड करते आहे. साखळी मळसूत्रासारखी वळलेली असेल तर साडेतीन-चार अक्षरांत एक वेढा पुरा होतो, म्हणजे ही दोन ल्युसीन एकाच अंगाला येतात आणि व्हॅलीन बाजूला वळतं. कागदावर दूर दिसणारी अक्षरं प्रत्यक्षात शेजारी असू शकतात.

आता कौतुक थोडं आवरतं घेते. एक तर ही सीरमं म्हणजे गर्दी. रक्तद्रवात एका विषाणूविरुद्ध तऱ्हेतऱ्हेच्या अँटिबॉड्या असतात, आणि खिळ्यांवर फक्त त्याच बोलतात ज्यांना सरळ ओळीतलं वाचता येतं. प्रथिन घडी घालून बसलेलं असतं. घडीमुळे दूरदूरची अक्षरं एकत्र येऊन जो एपिटोप बनतो, तो सहा अक्षरांच्या खिडकीत कधीच दिसायचा नाही. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पोल्याक यांच्या गटानं लायसोझाइम या प्रथिनावर बसलेल्या अँटिबॉडीचा स्फटिक अभ्यासून पहिल्यांदा ते चित्र डोळ्यांनी दाखवलं. लायसोझाइमची सोळा अक्षरं तिला भिडलेली, आणि ती दोन वेगळ्या तुकड्यांतली: एक विशीच्या आसपासचा, दुसरा एकशे विशीच्या. त्या अँटिबॉडीपुढे गायसेन यांचे खिळे मुके राहण्याचीच शक्यता जास्त. त्यांना हे ठाऊक होतं. त्याच वर्षी त्यांनी मूळ वाक्य बाजूला ठेवून एपिटोपची नक्कल करणारं, त्या प्रथिनात कुठेच नसलेलं पेप्टाइड शोधायची वाट काढली आणि त्या नकलेला ‘मिमोटोप’ म्हटलं. तो निबंध चतुर आहे. मला मात्र तो या पाच पानांइतका गोड लागत नाही. त्यात युक्ती जास्त दिसते.

निबंधाच्या सारांशाच्या शेवटी लेखक म्हणतात की या शोधाचा अँटिबॉडीची ‘विशिष्टता’ समजायला उपयोग होईल. एका वाक्यात, जाता जाता. त्या वाक्याचं वजन मला बऱ्याच उशिरा कळलं.

हिशेब करून बघा. सहा अक्षरांचा शब्द वीस अक्षरांच्या लिपीत सहा कोटी चाळीस लाख प्रकारे लिहिता येतो. माणसाची प्रथिनं साधारण वीस हजार, सगळी मिळून अक्षरं कोटीभर. म्हणजे एखादा सहा अक्षरी शब्द दुसरीकडे सापडू नये अशीच अपेक्षा. पण अँटिबॉडीला सहाही अक्षरं लागतच नसली तर? ल्युसीन हे आपल्या प्रथिनांतलं सर्वांत नेहमीचं अक्षर, दर दहांतलं जवळजवळ एक. ल्युसीन, दोन सोडून पुन्हा ल्युसीन, असा नमुना निव्वळ योगायोगानं लाखभर जागी भेटेल. ग्लुटामिन आणि अ‍ॅलॅनीनही आपापल्या जागी हवेत असा हट्ट धरला तरी काही शे जागा उरतात. एवढं जुळलं की अँटिबॉडी बसतेच असं नाही. शेजारी आडवं येणारं अक्षर असेल, जागा घडीच्या आत दडलेली असेल. पण चुकीला वाव किती आहे ते कळतं. विशिष्टता हा अँटिबॉडीच्या बाटलीवरचा शिक्का नव्हे. कोणत्या जागी किती सूट आहे, याचा तो एक तक्ता असतो, आणि एकशे वीस खिळ्यांनी असा तक्ता अक्षरागणिक मांडला.

मला हे कळलं ते आठ महिने वाया गेल्यावर. संशोधक विद्यार्थिनी असताना मी एका प्रथिनामागे होते. महागडी अँटिबॉडी मागवली, बर्फात आली, बँड, म्हणजे प्रथिनाच्या लांबीप्रमाणे वर-खाली उमटणारा पट्टा, अगदी हव्या त्या उंचीवर उमटला. सर खूश.

‘‘सर, पण हा आपलाच बँड कशावरून?’’

‘‘उंची बरोबर आहे ना? मग कशाला काड्या घालतेस?’’

पुढे एका मैत्रिणीनं त्या प्रथिनाचं जनुकच खोडलेल्या पेशी दिल्या. प्रथिन असणं शक्यच नव्हतं. बँड जागच्या जागी, तेवढाच ठसठशीत. अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली असं विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ते व्यावसायिक गुपित आहे. शेवटी आम्ही गायसेन यांच्याच चालीनं, खिळ्यांऐवजी कागदासारख्या पटलावर, एकावर एक चढणारे तुकडे बनवून घेतले. दोन ठिपके रंगले. त्यातली पाच अक्षरं पेशीतल्या भलत्याच एका प्रथिनात होती, जवळजवळ तशीच, आणि त्या प्रथिनाची लांबी आमच्याएवढीच. चाल ओळखीची, माणूस दुसरा.

हे माझ्यापुरतं दुखणं असतं तर इथे लिहिलं नसतं. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनाच्या तेरा अँटिबॉड्या तपासल्या. खरी उतरली ती एक. तोवर त्या प्रथिनावर वीस वर्षांचं वाङ्‌मय साचलं होतं, कर्करोगाच्या गाठींत ते कुठे कुठे दिसतं याच्या वर्णनासह. जनुक खोडलेल्या पेशींवर अँटिबॉडी ताडून बघणं ही आता सर्वमान्य कसोटी झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण ती चूक झाली एवढंच सांगते. कोणत्या अक्षरामुळे झाली ते सांगायला नकाशा लागतो. आज तो काचपट्टीवर लाखो पेप्टाइडं छापून काढतात आणि संगणक आलेख रंगवून देतो. रेघा दिसायला अजून तशाच असतात, गवत आणि बुजगावणी.

आता त्या १४६ ते १५२ कडे परत जाते, कारण निबंधाच्या लेखकांना दिसणं शक्य नव्हतं असं काही तिथे पुढे उघडलं. या सात अक्षरांच्या एक घर अलीकडे, १४५ वर, अर्जिनीन आहे. अर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अक्षरं म्हणजे पेशींना चिकटायची किल्ली, हे फायब्रोनेक्टिन नावाच्या दुसऱ्याच प्रथिनावर जाहीर झालं तेही १९८४ मध्येच. लाळ्या-खुरकुताचा विषाणू हीच किल्ली वापरतो हे १९८९ मध्ये दिसलं. त्याच वर्षी या विषाणूचा स्फटिकही वाचला गेला. सगळं कवच अणू-अणूसकट स्पष्ट, आणि नेमकी ही जागा कोरी. व्हीपी-१ चा तो वेढा इतका सैल हलतो की छायाचित्रात हललेल्या हातासारखा पुसून गेला. चार वर्षांनी एका रासायनिक बंधाची गाठ सोडवून तो वेढा स्थिर केला, तेव्हा तीन अक्षरांच्या किल्लीला लागून एक लहानसं मळसूत्री वळण दिसलं.

मग २००६ च्या सुमारास किल्लीचे दात मोजले गेले. विषाणू पेशीवरच्या ज्या कुलपात शिरतो ते अल्फा-व्ही बीटा-६ नावाचं इंटेग्रिन. तीन अक्षरं पुरत नाहीत, असं निघालं. त्यांच्यापुढचं पहिलं अक्षर आणि चौथं अक्षर, ही दोन्ही ल्युसीन असतील तर पकड घट्ट बसते. १४७ च्या पुढे मोजा: पहिलं १४८, चौथं १५१.

सीरमातल्या अँटिबॉडीनं एकशे वीस खिळ्यांवर सोडायला नकार दिला होता तीच ही दोन अक्षरं. विषाणूलाही ती सहजासहजी सोडता येत नाहीत. आणि ते कुलूप, ते इंटेग्रिन, गुराच्या अंगात जिथे रोगाचे फोड उठतात तिथल्या त्वचेत भेटतं. जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात. कंदिलाच्या उजेडात आजी बैलाचा जबडा दाबून धरायची आणि म्हणायची, अगं जवळ आण, जीभ दिसत नाहीये मला.